'माका कायच नाका' याचा अर्थ कागदावर कसा तपासणार?



सुप्याच्या आठवणी लिहिताना आपण काळी-पांढरीचा संगम लिहितो, बाजार लिहितो, शाळा आणि देऊळ लिहितो. १९८७ साली धरण पुरं झालं, गाव पाण्याखाली गेलं, कोण रामनगरला गेलं, कोण बेळगाव-पुण्याकडं सरकलं, हेही लिहितो. लिहीत नाही ते घरातल्या मनाच्या दुखण्यांबद्दल. नव्या घरात आल्यावर बोलणंच बंद केलेली आजी, बाटलीशिवाय झोप न लागणारा काका, बाळंतपणानंतर दिवसचे दिवस भिंतीकडं बघत बसलेली सून. आपल्यातल्या बऱ्याच घरांत असं एखादं माणूस होतं. त्यावर सल्ला एकच, 'धारवाडला न्या', आणि तोही निम्मा टवाळीचा.

आता दिवस बदललेत. आशाताई घरोघरी जातात, सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांबद्दल विचारलं जातं, २०२२ पासून १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरावर फोन करता येतो. चांगलंच आहे. पण समोर बसलेल्या किंवा फोनवरच्या माणसाला नीट बोलता येतं का, ऐकता येतं का, हे कोण तपासतं आणि कसं? आज लिहायचंय ते यावर.

माझी सगळी नोकरी नर्सिंगमध्ये गेली, शेवटची काही वर्षं नव्या मुलींना शिकवण्यात. एका इस्पितळात (नाव नको) दरवर्षी 'कॉम्पिटन्सी असेसमेंट' व्हायची. पन्नास प्रश्न, चार-चार पर्याय, बरोबर उत्तरावर टिक. अर्ध्या तासात पेपर गोळा, सगळ्या पास, फाइल कपाटात. कुणाला कंटाळा यायचा, कुणाला धास्ती वाटायची, पण त्या कागदामुळं वॉर्डातलं बोलणं तसूभरही बदललं नाही. मग वरून फर्मान आलं की परीक्षा 'मजेदार' करा. म्हणून प्रश्नमंजूषा झाली, मोबाइलवर गुण दिसायला लागले, पहिल्या नंबराला मग मिळाला. चार दिवस गंमत, पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

माझं म्हणणं असं की परीक्षा रटाळ होते ती बक्षीस नाही म्हणून नव्हे, तिचा कामाशी संबंध नसतो म्हणून. स्वयंपाक येतो की नाही हे पाककृती पाठ म्हणायला लावून कळतं का? चुलीपुढं उभं करावं लागतं.

आपल्या बोलीतलंच उदाहरण घ्या. जोयड्याकडची म्हातारी दवाखान्यात येते. सिस्टर विचारते, काय होतंय? ती म्हणते, 'माका कायच नाका.' कागदावर याची नोंद होणार 'तक्रार नाही'. पण त्या तीन शब्दांत 'औषध नको' असेल, 'तुमच्याशी बोलायचं नाही' असेल, नाहीतर 'आता जगण्यातलं काहीच नको' असेल. कोणतं, ते सूर, नजर आणि पुढचा प्रश्न यांवरून कळतं. 'काळीज उडतं', 'पोटात गोळा येतो', 'बाहेरचं झालंय' याही अशाच तक्रारी. यातलं काय विचारायचं, कसं विचारायचं, हे चार पर्यायांत बसत नाही.

यावर उपाय सापडलेला आहे, आणि तो आपल्याच शेजारी. घाट उतरलं की गोवा. तिथल्या 'संगत' या संस्थेनं (स्थापना १९९६, संस्थापकांपैकी एक डॉ. विक्रम पटेल) मानसोपचाराचं आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. निराशेच्या आजारावरच्या त्यांच्या अभ्यासात गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. २०१७ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी कामाचा दर्जा कसा तपासला ते. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, समुपदेशकांनी गट करून बसायचं, एकमेकांचं ऐकायचं आणि ठरलेल्या तक्त्यावर गुण द्यायचे. तज्ज्ञ मोजकेच, ते किती ठिकाणी पुरणार? सहकाऱ्यांचे गुण आणि तज्ज्ञांचे गुण ताडून पाहिले तर बऱ्यापैकी जुळले. त्याचा निबंध २०१४ साली आला. म्हणजे परीक्षक बंगळूरहून यायची वाट बघायला नको, चौघी सिस्टर आणि दोन आशाताई मिळूनही हे करू शकतात. आणि दुसरीचं बोलणं कान देऊन ऐकताना कंटाळा येत नाही, कारण आपण तिथं काय बोललो असतो हा विचार आपोआप सुरू होतो.

दुसरी पद्धत सोंगाची. एकानं पेशंट व्हायचं, एकानं सिस्टर. डॉक्टरकीच्या शिक्षणात हे जुनं आहे. अमेरिकेत १९६३ साली हॉवर्ड बॅरोज यांनी शिकवलेले खोटे पेशंट वापरायला सुरुवात केली, १९७५ साली स्कॉटलंडच्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी टप्प्याटप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. नेपाळात तयार झालेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला 'एनॅक्ट' नावाचा तक्ता तर मनाच्या आजारांसाठीच आहे. समोरच्याकडं बघून बोलली का, टोचून बोलली का, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे धीटपणे विचारलं का, घरच्यांना कसं सामील करून घेतलं, असं त्यात बघतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी पुढं याच धर्तीची साधनं सगळ्यांसाठी खुली केली.

सोंग म्हटलं की आपली माणसं लाजतील असं कुणाला वाटेल. दशावतार बघत वाढलेल्या मुलखात? तिथं छापील संवाद नसतात, पात्र समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथं बोलतं. समुपदेशकालाही नेमकं हेच यावं लागतं.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. पहिला, वेळ कुठाय? एका सोंगाला दहा मिनिटं, चर्चेला दहा. महिन्यातून एकदा दोघींचं केलं तरी वर्षात सगळ्यांची पाळी येते. दुसरा, मैत्रिणी मैत्रिणींना गुण वाटतील. म्हणून तक्ता ठरलेला हवा, गट हवा, आणि अधूनमधून बाहेरचा जाणकार हवा. तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर, पेशंटच्या गुप्ततेचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय. लेखी संमतीशिवाय ध्वनिमुद्रण नाही म्हणजे नाही. छोट्या गावात तर आवाजावरून माणूस ओळखतात, तिथं सोंगच बरं.

आणि एक अट माझी. या तपासणीतले गुण पगारवाढीला किंवा नोटिशीला जोडू नका. जोडले की माणसं साहेबाला आवडेल तेवढंच बोलतात, आणि आपण पुन्हा त्या पन्नास प्रश्नांवर येतो. कमी गुण मिळाले तर पुढच्या महिन्यात पुन्हा सोंग, सोबत शिकवणारी कुणीतरी, एवढंच असावं. पेशंटला धोका होईल असं वागणं दिसलं तर मात्र तिथंच थांबवायला हवं, त्यात भिडस्तपणा नको.

पुण्याच्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढं तिथं काम करतात. त्यांना कुणी पुस्तकातून सांगावं लागत नाही की कोणता शब्द लागतो आणि कोणता टोचतो. तपासणीच्या गटात असं एखादं बरं झालेलं माणूस, नाहीतर त्याच्या घरचं कुणी असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता आपलं काम. तपासणीचे कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत येतात, आणि आपल्या म्हाताऱ्या कोकणी-मराठीत रडतात. ती बोली बोलणारे आता कमी होत चाललेत. तेव्हा मंडळी, पुढच्या पोस्टींत घरांची वर्णनं लिहाच, पण आपली आजी, आत्या, काकी मन जड झालं की काय म्हणायच्या, ते शब्दही लिहा, जसेच्या तसे, अर्थासकट. आपल्यातल्या कुणाची लेक-सून नर्स असेल, आशाताई असेल, तिला ते द्या आणि म्हणा, मी पेशंटचं सोंग घेते, तू विचार. आपल्या वेळच्या माणसांना विचारणारं कुणी नव्हतं. आजच्यांना आहे, तर त्यांना विचारता आलं पाहिजे.