इशारा रात्रपाळीपर्यंत गेला पाहिजे

अतिवृष्टी, वादळ किंवा उष्णतेची लाट आली की वृद्धाश्रम आणि शुश्रूषागृहांबाबत एक मत हमखास ऐकू येते. हवामान खात्याने इशारा दिला, प्रशासनाने तो संस्थाचालकांना कळवला, चालकांनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. आता कर्मचाऱ्यांना त्यांचे काम करू द्या, त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका. असे म्हणणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण कळवणे हे एक काम आणि जीव वाचवणे हे दुसरे, अशी समजूत या मताच्या मुळाशी आहे आणि ती साफ चुकीची आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला इशारा वाचता येत नाही, जिना उतरता येत नाही. त्याच्या उशाशी असलेल्या कर्मचाऱ्याला इशाऱ्याचा अर्थ कळतो की नाही आणि त्या कर्मचाऱ्याचे म्हणणे वर कोणी ऐकून घेते की नाही, यावरच त्याचा जीव अवलंबून असतो.

जपानमधली घटना पाहा. 30 ऑगस्ट 2016 रोजी इवाते प्रांताला वादळाने झोडपले. तिथल्या इवाइझुमी गावात ओमोतो नदीच्या काठी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे एक छोटे निवासगृह होते. गावच्या प्रशासनाने त्याच सकाळी स्थलांतराच्या तयारीची सूचना काढली होती. सरकारी नियमाप्रमाणे या सूचनेचा अर्थ असा होता की ज्यांना हलायला वेळ लागतो अशा वृद्धांनी आणि अपंगांनी आताच निघावे. निवासगृहात मात्र तो अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. तयारीची सूचना म्हणजे अजून निघायचे नाही, अशीच तिथली समजूत राहिली. संध्याकाळी नदी आत शिरली आणि तिथले नऊच्या नऊ वृद्ध मरण पावले. शेजारच्याच तीन मजली इमारतीतल्या वृद्धांना वरच्या मजल्यावर नेले होते, ते वाचले. म्हणजे सूचना वेळेवर निघाली होती आणि उंच जागाही हाकेच्या अंतरावर होती. जपान सरकारने यातून घेतलेला बोध महत्त्वाचा आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या सूचनेच्या नावात वृद्धांनी निघायला सुरुवात करावी, हे स्पष्ट घातले गेले. 2021 मध्ये तर ‘तयारी’ हा भाग काढूनच टाकला. पूरप्रवण भागातल्या अशा संस्थांना स्थलांतराचा आराखडा आणि सराव 2017 पासून कायद्याने बंधनकारक झाला.

आपल्याकडे हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. पण वृद्धाश्रमात रात्री एकटी असलेली मावशी सज्ज राहते म्हणजे नेमके काय करते? तळमजल्यावरच्या कोणत्या खाटा आधी हलवायच्या, ऑक्सिजनचे यंत्र वीज गेल्यावर किती वेळ चालेल, इन्सुलिन कुठे ठेवायचे, पाणी फाटकापर्यंत आले तर कोणाला न विचारता वर न्यायला सुरुवात करायची? या प्रश्नांची उत्तरे तिला तिच्या बोलीत, पाऊस सुरू होण्याआधी मिळायला हवीत. व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेले लाल रंगाचे चित्र ती उत्तरे देत नाही. शिवाय तो गट चालू राहीलच, हेही गृहीत धरता येत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणची वीज गेली, मोबाइलचे जाळे कोलमडले. त्या दिवशी शहरातल्या माणसांचा त्यांच्या घरच्यांशीही संपर्क होत नव्हता.

खालून वर जाणाऱ्या निरोपाची गोष्ट याहून गंभीर आहे. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळानंतर फ्लोरिडातल्या हॉलिवूड शहरातील एका शुश्रूषागृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. इमारतीत दिवे चालू होते, फक्त थंड हवा नव्हती. वीज कंपनीला फोन गेले, थेट राज्यपालांच्या मोबाइलवरही गेले. रुग्णांच्या जिवाला धोका आहे असे त्या फोनवर कोणी सांगितलेच नाही, असे राज्यपालांच्या कार्यालयाने नंतर सांगितले. हे म्हणणे खरे मानले तरी माझ्याच मुद्द्याला बळ मिळते. यंत्र बंद आहे हे कळवले गेले. माणसे तापत चालली आहेत, हे निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचले नाही. चालू स्थितीतले मोठे रुग्णालय रस्त्यापलीकडे असताना बारा मृत्यू झाले. पुढे फ्लोरिडाने अशा संस्थांना 96 तास पुरेल अशी पर्यायी विजेची सोय सक्तीची केली. जनित्र हवेच. पण तिसऱ्या खोलीतल्या आजोबांचे अंग भाजते आहे, हे जनित्र सांगत नाही. ते अंगाला हात लावणारी परिचारिका सांगते. तिने ते कोणत्या शब्दांत, कोणाला सांगायचे आणि ऐकणाऱ्याने काय करायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. कनिष्ठ कर्मचाऱ्यांना निर्णयाचा अधिकार दिला तर ते घाबरून वृद्धांना बाहेर काढतील आणि हलवण्यानेच माणसे दगावतील. यात तथ्य आहे. 2005 मध्ये रिटा वादळाच्या धास्तीने टेक्सासमधून वृद्धांना घेऊन निघालेल्या बसला आग लागून 23 जण गेले. पण या घटनेतून कर्मचाऱ्यांना गप्प बसवण्याचे कारण मिळत नाही. कोण बसून प्रवास करू शकेल, कोणाला ऑक्सिजन लागतो, कोणाला नुसते वरच्या मजल्यावर नेले तरी पुरे, हे रोज आंघोळ घालणाऱ्या माणसाइतके कोणालाच माहीत नसते. त्यांना विचारले तर कमी माणसे हलवावी लागतात आणि जी हलवावी लागतात ती वेळेवर हलतात.

दुसरा आक्षेप असा की आराखडे कागदावरच राहतात. जुलै 2020 मध्ये जपानच्याच कुमामोतो प्रांतात कुमा नदीच्या पुराने एका वृद्धाश्रमातले 14 जण बुडाले. तिथे आराखडा होता, सरावही होत असे. पण पाणी पहाटे आले. तेव्हा कामावर मोजकेच लोक होते आणि जिन्यावरून वृद्धांना उचलून नेण्यासाठी गावकरी धावून आले. मग आराखडा भरदिवसाच्या मनुष्यबळावर बेतून चालत नाही, तो रात्रपाळी आणि शेजारी धरून करावा लागतो, एवढेच यावरून सिद्ध होते.

नातेवाइकांच्या फोनांचा त्रास होतो, ही कर्मचाऱ्यांची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. एकाच वेळी चाळीस घरांतून, त्यातले काही पुण्याहून आणि काही अमेरिकेहून, फोन येऊ लागले तर काम करणाऱ्याने रुग्णाला धरायचे की फोनला? त्यावर बोलणे बंद करणे हा इलाज नाही. प्रत्येक कुटुंबातून एकच माणूस, संस्थेकडून ठरावीक वेळी निरोप आणि तो देण्यासाठी रुग्णसेवेत नसलेली एक व्यक्ती, एवढे ठरवले तर फोन आपोआप कमी होतात. निरोप मिळत नाही म्हणूनच लोक पुन्हा पुन्हा फोन करतात.

तुमचे कोणी वृद्धाश्रमात असेल तर मृग लागण्याआधी एकदा रात्री तिथे जा. त्या वेळी कामावर असलेल्या माणसाला विचारा: लाल इशारा आला तर तुम्ही काय कराल, कोणाला न विचारता काय करण्याची मुभा तुम्हाला आहे, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक तुम्हाला माहीत आहे का? उत्तर मिळाले नाही तर त्याला दोष देऊ नका. चालकांकडे जाऊन ते लेखी मागा.