क्रुसाची लाज

रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर 1857 साली एका जुन्या भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडून काढलेलं चित्र सापडलं. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आणि खाली हात उंचावून उभा असलेला एक भक्त. शेजारी वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत मजकूर : अलेक्सामेनोस नावाचा कुणी आपल्या देवाची पूजा करतोय. बहुधा सोबत्यानेच उडवलेली ही खिल्ली साधारण अठराशे वर्षांपूर्वीची. गुलामांना आणि बंडखोरांना देतात ती शिक्षा ज्याला झाली, तो देव कसला? टवाळखोराचा प्रश्न तसा रास्तच होता.

ख्रिस्ती उत्तर मात्र एकच नाही. मिस्सेतल्या विश्वासांगीकारात येशूला आपल्यासाठी क्रुसावर दिलं, एवढंच येतं. त्याने तारण कसं घडलं, याचा खुलासा नाही. आरंभीच्या अनेक धर्माचार्यांना क्रूस हा मरणावरचा विजय वाटला. 1098च्या सुमारास धर्मपंडित अँसेल्मने हिशेब मांडला : पापाने देवाचा मान गेला, भरपाई माणसाने करायची, पण ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. पुढे आबेलार या दुसऱ्या धर्मपंडिताने भर दिला तो माणसाचं मन पालटवणाऱ्या प्रेमावर.

अँसेल्मची मांडणी चिरेबंदी खरी, पण आम्हाला तिला सरंजामी दरबाराचा वास येतो. आबेलार जवळचा, तरी पोटचं पोर गमावलेल्या आईला प्रेमाचा नुसता दाखला पुरेल का? तिला बहुधा क्रुसावर हंबरडा फोडणारा देवच हवा असतो.

या अंकात दोन्ही बाजूंचे लेख आहेत. अँसेल्मच्या वकिलाने आमचं म्हणणं आधीच खोडून ठेवलंय.