ड्रोन उडवायला शिकायचं की ड्रोन का उडतो ते?

कोल्हापूरच्या आसपास उसावर ड्रोनने फवारणी आता फार नवलाची राहिलेली नाही. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत तर १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलंय. 'ड्रोनमध्ये करिअर करा' हे रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेलं असेलच. परवा मावसभावाने विचारलं, "दादा, ड्रोन पायलटचा कोर्स करू का?" दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण असतील, तर डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत हे प्रशिक्षण काही दिवसांत होतं. मी म्हटलं, कर. पण त्याने तू ड्रोन चालवशील, बनवणार नाहीस. बनवायचा तर एअरोडायनॅमिक्स लागतं, आणि त्यात सेमिस्टरं जातात.

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. हौस म्हणून एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स बघायला लागलो (फुकट आहेत, सर्टिफिकेटच्या परीक्षेची फी तेवढी वेगळी). सुरुवातीलाच एक जुनी समजूत मोडली. पंखावरची हवा लांबच्या वाटेने जाते, खालच्या हवेला गाठायचं म्हणून जोरात पळते, असं आपण ऐकलेलं असतं. पण दोघींनी एकाच वेळी पोचावं असा नियमच नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधी पोचते! पंख हवेला खाली वळवतो, आणि वर-खाली दाबात फरक पडतो. या एकाच गोष्टीच्या दोन बाजू. नासाच्या शैक्षणिक वेबसाईटवर ती जुनी थिअरी चक्क 'चुकीची' म्हणून दिलीय. रील्सवाल्यांना कोण सांगणार?

खरी मजा सूत्रात आहे. लिफ्ट हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. आता आपल्या उजळाईवाडीचा विमानतळ घ्या. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ६०० मीटर. मे महिन्यातली दुपार, तापमान ३८ अंश. गणित केलं तर हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के कमी येते. म्हणजे तेवढंच वजन उचलायला वेग जवळपास ८ टक्के जास्त हवा, आणि नुसत्या वेगामुळेच धावण्याचं अंतर १६ टक्क्यांनी वाढतं. विरळ हवेत इंजिनही कमी जोर लावतं, ते वेगळंच. धावपट्टी वाढवा म्हणून कोल्हापूरकर इतकी वर्षं का भांडले, ते मला इथे कळलं.

ड्रोनचंही तेच. त्याच्या पंख्याचं प्रत्येक पातं म्हणजे छोटा पंखच. त्याच हवेत, तेवढंच औषध घेऊन एका जागी तरंगायला साधारण ८ टक्के जास्त पॉवर लागते. पायलटला बॅटरी लवकर उतरलेली दिसते. पातं किती मोठं करायचं, हे मात्र गणित येणाराच ठरवतो.

हे सोपं नाही. कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की हवीत. बाउंडरी लेयरला, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून मंदावणाऱ्या हवेच्या थराला, मी महिनाभर अडकलो होतो. मेकॅनिकलवाल्यांना फ्लुइड मेकॅनिक्स झालेलं असतं, त्यांना जरा सोपं जाईल. जॉन अँडरसन यांचं 'फंडामेंटल्स ऑफ एअरोडायनॅमिक्स' जाडजूड आहे, पण समजावून सांगतं. पंखाचा आकार तपासायला एक्सफॉइल हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला लॅपटॉप लागेल, मोबाईलवर फक्त लेक्चर्स बघा.

मावसभाऊ कोर्स करणारच आहे. सध्या त्याचं बारावीचं इंटिग्रेशन अडलंय, रविवारी घेऊन बसतोय.