भांडण कोणाचे, मतभेद कोणाचे?

नळावर दोन बायका हंड्यावरून बोलल्या की ते भांडण. सोसायटीत दोन निवृत्त साहेब गाडी लावण्याच्या जागेवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले की तो वाद. विधानसभेत कागद भिरकावले की गदारोळ. साहित्यिकांनी अध्यक्षपदावरून एकमेकांची तोंडे पाहणे सोडले की मतभेद. आणि जमातीच्या ट्रस्टींनी कब्रस्तानच्या कुंपणाच्या ठेक्यावरून तट पाडले की तो थेट दीनचा मसला! प्रकार एकच, पण माणसाची पायरी पाहून आपण त्याला नाव देतो.

'नळावरचे भांडण' हा शब्दप्रयोग आपण किती तुच्छतेने वापरतो! ज्या वस्तीत पन्नास घरांत एक नळ आणि पाणी अर्धा तास, तिथे एक हंडा म्हणजे दिवसाचा स्वयंपाक. त्यावरून आवाज चढला तर त्यात क्षुद्र काय आहे? क्षुद्र असेल तर ती पाणी वाटणारी व्यवस्था. पण तिला कोणी भांडखोर म्हणत नाही. 'कजाग बाई' आपण सर्वांनी ऐकली आहे. 'कजाग पुरुष' कोणी ऐकला आहे काय?

भांडणाचे मराठी शब्द जरा उलटून पाहावेत. त्यांतले कितीतरी अरबी-फारसीतून आलेले आहेत. माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला. तो चाळणाऱ्याला हा व्यवहार किती दाट होता ते कळते. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, युक्तिवाद. मराठीत हुज्जत 'घालतात', आणि ती घालणारा माणूस नकोसा असतो. तक्रार म्हणजे मुळात पुनरुक्ती, तेच पुन्हा सांगणे. पहिल्यांदा कोणी ऐकले नाही म्हणूनच माणूस पुन्हा सांगतो ना? पण आपल्याकडे पुन्हा सांगणारा 'तक्रारखोर' ठरतो. दावा म्हणजे हक्काची मागणी, आणि मराठीत दावा 'साधतात', म्हणजे वैर काढतात. कज्जा हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा अर्थ नुसता प्रकरण, मामला. फिर्याद ही फारसीत मदतीची हाक.

हे शब्द दरबारात आणि न्यायासनापुढे वावरलेले. तिथून ते गल्लीत उतरले आणि शिवीच्या जवळ गेले. मला याचे कारण साधे वाटते. दाद मागणारा माणूस खुर्चीवर बसलेल्याला नेहमी भांडखोरच दिसतो, आणि शब्दांचे अर्थ बहुधा खुर्चीकडूनच ठरतात.

आपल्या समाजात तर याहून जड शब्द तयार असतो : फितना. जमातीचा हिशेब मागितला, फितना. मुलीच्या मेहरची रक्कम निकाहापूर्वी नीट ठरवा म्हटले, फितना. मशिदीत बायकांसाठी जागा मागितली, मोठा फितना. या शब्दाचे मूळ सोने आगीत घालून पारखण्याशी जोडलेले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? पारख करणाऱ्यालाच आपण आग लावणारा ठरवले.

शाहबानो प्रकरण आठवा. इंदूरच्या या वृद्धेला १९७९ साली कनिष्ठ न्यायालयाने महिना २५ रुपये पोटगी दिली. १९८० साली उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. मागणी होती पोटापुरत्या पैशांची. पण तिची फिर्याद कोणी ऐकली? एका बाजूला ती फितना झाली, दुसऱ्या बाजूला राजकारणाचे हत्यार. मधली म्हातारी दिसेनाशी झाली. त्याच पोटगीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली पुन्हा सांगावा लागला. तक्रार या शब्दाचा मूळ अर्थ तो हाच.

सरकारी भाषाही याहून वेगळी नाही. महाराष्ट्रात २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता. बांधावरचे तंटे कोर्टात न जाता मिटले तर कोणाला नको आहे? पण नवऱ्याने टाकलेल्या बाईची पोटगी आणि दोन भावांतला बांध एकाच 'तंटा' शब्दात बसवले की तंटा मिटतो, हक्क मिटतो आणि गाव मात्र शांत दिसते.

कोणी विचारील, मग क्षुद्र भांडणे नसतातच काय? असतात, भरपूर असतात. चाँद कोणी आधी जाहीर करायचा, ईदगाहच्या पहिल्या सफमध्ये कोणी उभे राहायचे, पत्रिकेवर कोणाचे नाव वर, ही सारी क्षुद्र भांडणेच. ओळखण्याची खूण सोपी आहे. भांडणारा जिंकला तर त्याला एकट्याला मान मिळणार, की अनेकांना हक्क मिळणार? पहिले असेल तर त्याला खुशाल भांडण म्हणा, मग तो कितीही मोठा हाजी असो. दुसरे असेल तर त्याला भांडण म्हणू नका, मग ती बाई कितीही मोठ्याने बोलत असो.

मतभेद पचवण्याची आपली परंपरा लहान नाही. तिच्यासाठी इख्तिलाफ हा स्वच्छ शब्द आहे. कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. एक 'आमीन' मोठ्याने म्हणतो, दुसरा हळू. तरीही मुंबईत दोघे खांद्याला खांदा लावून नमाज पढतात. इमामांना दिलेली ही सवलत आपण हिशेब मागणाऱ्या तरुणाला आणि मेहर मागणाऱ्या मुलीला का देत नाही?

निदान लिहिणाऱ्यांनी तरी एवढे करावे. कोणाच्या मागणीला 'भांडण' लिहिण्यापूर्वी ती काय मागते आहे ते आधी लिहावे.