खासदारांचे दात कोण पाहणार?



बैलबाजारात गेलेला आपला कोणीही माणूस झूल पाहून बैल घेत नाही. शिंगांना किती रंग लावला आहे याला तो भुलत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवतो, जमले तर मालकाला गाडीला जुंपून दाखवायला लावतो. तोच माणूस खासदार पाहताना मात्र नुसती झूल पाहतो. "काय बोलला! मंत्र्याला पार उभा चिरला!" अर्ध्या मिनिटाची चित्रफीत गावभर मोबाइलवर फिरते. त्या अर्ध्या मिनिटानंतर मंत्री काय म्हणाला, हे कोणी विचारत नाही, कारण चित्रफीत नेमकी तिथेच तोडलेली असते.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात आम्ही काही जणांनी ठरवून लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास पाहिला. सकाळी ११ ते १२. तालुक्याच्या गावी एका दुकानाच्या माडीवर टीव्ही लावला आणि वही घेऊन बसलो. वहीत रकाने आखले होते: प्रश्न काय, मंत्र्याचे उत्तर काय, पुरवणी प्रश्न काय आणि पदरात काय पडले. बहुतेक दिवशी वही कोरीच राहिली. घोषणा, फलक, तहकुबी. २१ जुलै ते २१ ऑगस्ट एवढ्या काळात ४१९ तारांकित प्रश्न यादीत होते, त्यांतल्या ५५ ची तोंडी उत्तरे झाली. हा आकडा आमच्या वहीतला नाही, खुद्द लोकसभा अध्यक्षांनी अधिवेशन संपताना सांगितलेला आहे. १२० तास कामकाज करायचे ठरले होते, झाले ३७ तास. विरोधकांना बिहारच्या मतदारयाद्यांवर चर्चा हवी होती, सरकारला ती द्यायची नव्हती. कोणाचे बरोबर, हा वाद इथे नको. बुडालेला तास दोघांपैकी कोणाच्याच बापाचा नव्हता, तो आमचा होता.

हा तास म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळांना धड माहीत नाही. खासदारांनाही ते सांगावेसे वाटत नाही. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात आणि २३० अतारांकित. अतारांकित प्रश्नाला कागदावर उत्तर येते आणि विषय संपतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे असते आणि त्यावर विचारणाऱ्याला पुरवणी प्रश्न टाकता येतात. खरी मेख इथे आहे. पहिले उत्तर साहेबांच्या कचेरीत बसून बाबू लिहितात, त्यात मंत्र्याचे काही नसते. पुरवणी प्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतःच्या डोक्याने बोलावे लागते. विषय येतो का, याची परीक्षा तिथे होते. मंत्र्याचीही आणि विचारणाऱ्याचीही.

नीट विचारलेला प्रश्न काय करू शकतो ते १९५७ साली दिसले. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, असा प्रश्न लोकसभेत आला. मग फिरोज गांधी कागद घेऊन उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचे होते, वर पंतप्रधानांचे जावई. तरी बसले नाहीत. न्यायमूर्ती छागलांची चौकशी लागली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना घरी जावे लागले. गंमत अशी की, १९५१ साली मुंबईच्या सोनेचांदीच्या व्यापाऱ्यांसाठी प्रश्न विचारून पैसे घेतल्याबद्दल मुदगल नावाच्या खासदाराची चौकशी झाली, त्या समितीचे प्रमुख हेच कृष्णम्माचारी होते. प्रश्नाला किती भाव येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

आता मोजदादीचा जमाना आहे. कोणी किती प्रश्न विचारले याची यादी निघते, त्यावर संसदरत्न वाटले जातात, चौकात फलक लागतात. या यादीत महाराष्ट्राचे खासदार वरच्या नंबरात असतात. असू देत, गैरहजर राहण्यापेक्षा हे केव्हाही बरे. ३० नोव्हेंबर २००९ ला तर ज्यांचे प्रश्न होते ते खासदारच जागेवर नव्हते आणि प्रश्नोत्तराचा तास वेळेआधीच आटोपला. पण संख्येवर भुलू नका. आम्ही एका खासदाराचे शेतीवरचे प्रश्न छापून काढले. सगळे एका साच्यातले: सरकार अमुक करीत आहे काय? असल्यास तपशील काय? नसल्यास कारणे काय? उत्तरात योजनांची नावे आणि शेवटी एक तक्ता. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच तक्ता. दोन्ही वेळा संख्येत एकेक वाढला. आणि प्रश्न कोणासाठी विचारला, हे संख्या सांगत नाही. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदार घरी गेले. त्यांतले दोघे आपल्या खानदेशातले होते. त्यांचेही प्रश्न यादीत मोजले गेलेच होते.

मंत्र्यांची उत्तरे वाचायलाही शिकले पाहिजे. हमीभावावर कोणीही विचारा, एकच पाठ केलेले उत्तर येते: खर्चाच्या दीडपट भाव दिला. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये. सरकारने धरलेला खर्च ३,२६१. दीडपट बरोबर भरते. पण हा खर्च कोणता? बी-बियाणे, खत, मजुरी आणि घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज त्यात नाही. ते धरून खर्च किती, आणि त्याच्या दीडपट किती, एवढाच पुरवणी प्रश्न पुरे आहे. त्याहून सोपा प्रश्न म्हणजे, त्या हंगामात बाजारात भाव हमीभावाच्या खाली होता तेव्हा सरकारने माझ्या जिल्ह्यात किती क्विंटल घेतले, बारदाना कधी आला, पैसे कधी दिले. याला योजनेचे नाव सांगून चालत नाही, तारीख आणि आकडा द्यावा लागतो. खासदाराने तो मागितला का? वहीत तेवढेच लिहायचे.

"माहिती गोळा करण्यात येत आहे" असे मंत्री म्हणाला की आपण समजतो, टाळले. संसदेच्या रीतीने ते आश्वासन धरले जाते. तीन महिन्यांत ते पुरे करायचे असते आणि त्यासाठी संसदेची आश्वासन समिती आहे. पाठपुरावा करील तो खासदार. "प्रश्न उद्भवत नाही" हे त्याहून भयंकर. ३० नोव्हेंबर २०२१ ला, कृषी कायदे रद्द करणारे विधेयक संसदेत मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लोकसभेत लेखी उत्तर आले की आंदोलनात दगावलेल्या शेतकऱ्यांची कृषी मंत्रालयाकडे नोंद नाही, सबब मदतीचा प्रश्न उद्भवत नाही. त्या कायद्यांबद्दल शेतकऱ्यांतच दोन मते होती, ते उघड आहे. पण ज्या सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात ते मंजूर झाले, त्यात कोरोनाचे कारण सांगून प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. लेखी उत्तरे तेवढी मिळाली. कायदा बाजूचा असो की विरोधातला, उभ्याउभ्या विचारायची सोय नसताना आमच्याविषयी कायदा करू नये, यावर तरी दोन मते नकोत.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. कांद्याची निर्यातबंदी आली ७ डिसेंबर २०२३ ला. संसदेचे अधिवेशन ४ तारखेला सुरू झालेले होते. म्हणजे दिल्लीत खासदार बसलेले, मंत्री बसलेले, आणि कांदा उत्पादकाच्या मानेवर सुरी फिरली. पण प्रश्नाची सूचना १५ दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशन २१ तारखेलाच गुंडाळले. त्यातच १९ डिसेंबरला बारामती आणि शिरूरचे खासदारही निलंबित झाले, आणि निलंबितांचे यादीतले प्रश्न गाळले गेले. १८ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आमचा कापूस बाजारात यायच्या तोंडावर. तेव्हाही संसद चालू होती, तीन दिवसांनी उठायची होती. दोन्ही वेळा तारीख अशी की, साधा प्रश्न बसूच नये.

यावर खासदार म्हणतील, नियमच तसा आहे, आम्ही काय करणार? तेव्हा त्यांना विचारा: अल्पसूचना प्रश्न हा प्रकार नियमात आहे, त्याला १५ दिवस लागत नाहीत, मंत्र्याची संमती लागते. तुम्ही सूचना दिली होती का? मंत्र्याने नाकारली तर ते नाकारल्याचे आम्हाला येऊन सांगितले का? समाधान न झालेल्या उत्तरावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. किती वेळा मागितली?

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांची सभागृहातली मोबाइलची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. पत्ते खेळत होतो हे त्यांनी नाकारले, पुढे त्यांचे खाते बदलले. गाव चार दिवस हसले, आम्हीही हसलो. पण त्या दिवशी सभागृहात शेतीवर काय विचारले गेले आणि काय उत्तर मिळाले, हे आम्ही दहा जणांना विचारले. एकालाही सांगता आले नाही. मंत्र्याचा डोळा मोबाइलवर आणि आमचा डोळा मंत्र्याच्या मोबाइलवर!

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक वही आणावी. प्रश्न आणि उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात, गावातले शिकणारे पोरगे अर्ध्या तासात काढून देईल. जिल्ह्यातल्या सगळ्या खासदारांना बोलावणे धाडले आहे. हार-नारळ होणार नाही. कांदा आणि कापूस या दोनच विषयांवरचे त्यांचे प्रश्न फळ्यावर लिहिलेले असतील, शेजारी मंत्र्याचे उत्तर, आणि तिसरा रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने भरायचा आहे. खडू आम्ही देऊ.