रंगाचा हिशेब पाण्यात पाहावा

घरच्या घरी लोकर किंवा रेशीम रंगवू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे पहिला उपदेश मिळतो तो असा, की हळद, मंजिष्ठ, पळसाची फुले अशा निसर्गदत्त द्रव्यांनी रंगवावे आणि कारखान्यात तयार झालेल्या भुकटीला हात लावू नये. या उपदेशामागची पर्यावरणाविषयीची कळकळ माझ्याही मनात आहे. परंतु रंग झाडापासून मिळाला की कारखान्यातून, एवढ्या एकाच प्रश्नावर रंगाईच्या बऱ्यावाइटाचा निवाडा करणे मला मान्य नाही. पातेल्यात घातलेल्या रंगापैकी किती सुतात गेला आणि किती मोरीतून वाहून गेला, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. आणि या कसोटीला आम्लरंग, म्हणजे बाजारात ज्यांना अ‍ॅसिड डाय म्हणतात ते, इतके चांगले उतरतात की त्यांच्यावर सरसकट घातलेला बहिष्कार मला अन्यायाचा वाटतो.

ज्यांनी ही क्रिया कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे. लोकरीची लड चार ठिकाणी सैल बांधून, साबणाचा एखादा थेंब घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावी, म्हणजे पाणी तंतूच्या अंतरंगापर्यंत पोहोचते आणि पुढे रंग एका जागी गडद व दुसऱ्या जागी कोरा असा राहत नाही. भुकटी अंदाजाने न घेता काट्यावर तोलून घ्यावयाची, कारण येथील सारा हिशेब सुताच्या कोरड्या वजनाशी बांधलेला आहे: १०० ग्रॅम लोकरीस १ ग्रॅम रंग म्हणजे मध्यम छटा, त्याच्या चौथाईने फिकट, आणि काळ्यासाठी तिप्पट किंवा चौपट. ती गरम पाण्यात विरघळवून, स्टीलच्या किंवा इनॅमलच्या, आणि पुन्हा कधीही स्वयंपाकाला न वापरावयाच्या पातेल्यात सोडावी, लड त्यात बुडवावी आणि आच मंद ठेवावी. पाणी कोमट असेतो काही घडते आहे असे वाटत नाही. पण ते तापत जाऊन त्यात व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व पडले, की पातेल्यातील रंग डोळ्यांदेखत विरळ होऊ लागतो, लड गडद होऊ लागते, आणि उकळीच्या किंचित खाली, ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान, अर्धा तास ठेवल्यानंतर पुष्कळदा असे पाणी उरते की ज्यातून पातेल्याचा तळ स्वच्छ दिसावा.

आम्ल आधीच घातले, तर रंग जेथे प्रथम स्पर्श करील तेथेच घट्ट बसतो. ज्याला एकसारखी छटा हवी त्याच्या दृष्टीने हा दोष होय. पण ज्याला एकाच लडीत निळ्याच्या अनेक पायऱ्या हव्या असतात तो हेच मुद्दाम करतो, आणि हाताने रंगविलेल्या सुताचे जे सौंदर्य गिरणीच्या सुतात सापडत नाही, त्याचे पुष्कळसे रहस्य आम्लाची वेळ अशी मागेपुढे करण्यात आहे. लड ढवळण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, आणि उष्णता, घुसळण व तापमानातील आकस्मिक फरक यांमुळे ते एकमेकांत अडकून सुताचा नमदा होतो. म्हणून ती लड पातेल्यातच निवू द्यावी आणि मगच धुवावी.

पाणी असे निवळते याचे कारण लोकर आणि रेशीम ही दोन्ही प्रथिने आहेत, यात आहे. आम्लाच्या सान्निध्यात प्रथिनांतील अमिनो गटांवर धन विद्युत्भार येतो, आम्लरंगाच्या रेणूवर सल्फोनिक गटांमुळे ऋणभार असतो, आणि उष्णतेने तंतू सैलावला की ही दोन्ही एकमेकांना आपण होऊन धरतात. कापसात हे गट नाहीत, म्हणून त्याच्यावर हा रंग टिकत नाही. बाजारात लोकर म्हणून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या गुंड्यांवरही तो नीट बसत नाही. आणि नायलॉन, प्रथिन नसूनही, रासायनिक घडणीने त्याच्या जवळचा असल्यामुळे तो सहज घेतो.

रसायनशास्त्रज्ञ पर्किनला १८५६ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत जांभळा रंग गवसला ही कथा अनेकांच्या परिचयाची आहे. परंतु १८६२ साली एडवर्ड निकोल्सन याने पाण्यात न विरघळणाऱ्या एका निळ्या अ‍ॅनिलीन रंगावर गंधकाम्लाची क्रिया करून तो विद्राव्य केला, आणि आम्लरंगांचे कूळ तेथून सुरू झाले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. या आणि यांच्यासारख्या इतर कृत्रिम रंगांपुढे आपल्याकडील रंगारी आणि निळारी यांची पिढीजात विद्या मागे पडली, ही हानी मी लहान मानत नाही. पण त्या हानीची भरपाई वस्तुस्थिती झाकून होणार नाही. वनस्पतिजन्य रंग, नीळ आणि हळद यांसारखे काही वगळले, तर बहुधा स्वतःच्या बळावर तंतूला धरत नाहीत. त्यांना धातूंच्या क्षारांचे साहाय्य लागते. तो क्षार तुरटी असेल तर माझी काहीच हरकत नाही. परंतु विशिष्ट छटांसाठी मोरचूद, कथिलाचे क्षार आणि पोटॅशियम डायक्रोमेट वापरण्याचीही चाल होती, आणि डायक्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगकारक आहे. डायक्रोमेटने बांधलेला फुलांचा रंग मोरीत ओतणारा मनुष्य आणि निवळलेले, किंचित आंबट पाणी खाण्याच्या सोड्याने शमवून ओतणारा मनुष्य, यांत नदीचा हितचिंतक कोण, हे केवळ रंगाच्या वंशावळीवरून ठरविता येणार नाही.

आम्लरंगांत दोष नाहीत असे मात्र नव्हे. फिरोजी छटेचे काही रंग पाणी पुरते सोडत नाहीत. अशा वेळी आणखी थोडे आम्ल आणि आणखी थोडा वेळ द्यावा, किंवा उरलेल्या पाण्यात दुसरी लड फिकी रंगवून घ्यावी. कोरडी भुकटी श्वासावाटे आत जाणे अपायकारक असल्याने ती तोलताना नाकातोंडावर मुखपट्टी आणि हातांत मोजे असलेच पाहिजेत, आणि ही बाब मी ऐच्छिक समजत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न रंगाच्या ओळखीचा आहे. १९९० च्या दशकात केंद्र सरकारने आरोग्याला घातक ठरलेल्या एकूण ११२ अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. पण ज्याच्या पुडीवर ‘पिवळा’ किंवा ‘राणी’ एवढेच छापले आहे, तो रंग त्या यादीतला आहे की नाही, हे गिऱ्हाइकाने कशावरून ताडावे? अ‍ॅसिड यलो २३ म्हणजे टारट्राझीन, ज्याला खाद्यपदार्थांत ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा आहे. अ‍ॅसिड यलो ३६ म्हणजे मेटॅनिल यलो, ज्याला खाद्यपदार्थांत सक्त मनाई असूनही हळदीत आणि डाळीत त्याची भेसळ पकडली जाते. दोन्ही आम्लरंग, दोन्ही पिवळ्या भुकट्या. नुसत्या डोळ्यांनी त्यांची खात्रीची पारख होत नाही. ही पारख करून देण्यासाठीच ‘कलर इंडेक्स’ नावाची सूची १९२४ पासून अस्तित्वात आहे, आणि तिच्यातील क्रमांक जगभरच्या रंगव्यापारात प्रमाण मानले जातात.

म्हणून माझी मागणी अशी, की किरकोळ विक्रीच्या प्रत्येक पुडीवर रंगाचा वर्ग, त्याचा कलर इंडेक्स क्रमांक आणि तो कोणत्या तंतूसाठी आहे, या तीन बाबी मराठीत छापण्याची सक्ती व्हावी. मिश्रण असेल तर त्यातील प्रत्येक घटकाचा क्रमांक द्यावा. आणि सुताच्या गुंड्यावरही लोकर किती व अ‍ॅक्रिलिक किती याची तशीच स्पष्ट नोंद असावी. वेष्टनबंद मालावर वजन आणि किंमत छापण्याची सक्ती आपल्या कायद्यात आहेच. कारखान्यातून निघणाऱ्या पिंपावर रंगाचा क्रमांक सहसा असतो. घाऊक माल फोडून त्याच्या पुड्या बांधताना तो गळतो, आणि तेथे तो गळू न देण्याची जबाबदारी पुड्या बांधणाऱ्या व्यापाऱ्यावर कायद्याने टाकली पाहिजे.