साचा घासू नका

ठासणीच्या बंदुकीचा गोळीचा साचा ही सुटी वस्तू नव्हे. देशी कारागिराची नळी जशी उतरे, तसा तिचा साचा बेतला जाई. म्हणून शेजारी ठेवलेल्या, दिसायला सारख्या दोन बंदुकांचे साचे एकमेकींना चालतीलच असे नाही. संग्रहालयांच्या नोंदवह्यांत मात्र हा साचा ‘लोखंडी सांडस’ म्हणून चढतो. बंदूक शस्त्रदालनात लागते आणि साचा किरकोळ वस्तूंच्या पेटीत पडतो. वाचकांच्या अलीकडच्या तक्रारी याहून गंभीर आहेत. पुढे कधीतरी जोडी लावायला घेतात, साचा ‘बसत नाही’ असे ठरते आणि तो घासून मोठा केला जातो. हे थांबलेच पाहिजे.

नुकसान किती होते ते लखनौच्या उदाहरणावरून कळेल. १८५७ च्या उठावात ब्रिटिश सेनापती हॅवलॉकच्या फौजेबरोबर १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल लखनौच्या रेसिडेन्सीपर्यंत पोहोचली. तिची नळी ०.५७७ इंचाची आणि प्रिचेट गोळी ०.५६८ इंचाची. हिंदुस्थानातल्या मोहिमेत दारूची काजळी धरलेल्या नळीत ही गोळी अडू लागली, म्हणून पुढे ती ०.५५ इंचावर आणली गेली. ०.५५ चा साचा घासून ०.५६८ चा केला की तो कोणत्या काळातल्या गोळीचा, हा पुरावा कायमचा जातो. दुसरा घोटाळा त्याहून सहज होतो. उठावानंतर देशी पलटणींना दिलेल्या १८५८ च्या नमुन्याच्या बंदुका बाहेरून एन्फिल्डसारख्याच आहेत, पण नळी आतून गुळगुळीत आणि ०.६५६ इंचाची. पाटीवर ‘एन्फिल्ड’ वाचून ०.५७७ चा साचा शोधणारा फसणारच. आधी नळी मोजावी, पाटी नंतर वाचावी.

साचा मोजताना कॅलिपर पोकळीत घालू नये. त्याने कडा दुखावतात. दातांच्या दवाखान्यात वापरतात त्या सिलिकोनचा ठसा घ्यावा आणि तो दोन दिशांनी मोजावा: जोडरेषेवर आणि तिच्या काटकोनात. काटकोनातले माप जास्त भरले, तर साच्याच्या दोन्ही पाळ्या, म्हणजे दोन अर्धे भाग, पुरत्या मिटत नाहीत असे समजावे. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते. पाळीच्या सपाट तोंडावर जुन्या शिशाचा पापुद्रा किंवा गंजाचा कण चिकटलेला असतो. बांबूच्या चपट्या काडीने तो उचलला की साचा पुन्हा मिटतो. ‘दुरुस्ती’ म्हणून करायचे ते एवढेच. बिजागरीची खीळ सैल असेल तर तशी नोंद करावी, ठोकू नये. शिसे ओतून साचा तपासण्याचा मोह टाळावा. थंड होताना शिसे आक्रसते, त्यामुळे ओतलेली गोळी पोकळीचे खरे माप देत नाही. तापलेल्या लोखंडावरचा जुना थरही उडून जातो.

आता सरकारी बाजू. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ‘दारूगोळा’ या व्याख्येत दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. शंभर वर्षांपूर्वीची हातातली सांडस यंत्रसामग्री ठरते का, याचे उत्तर परवाना शाखेतला कारकून आपल्या मर्जीने देतो. कलम ४५ मधली सूट जुन्या बनावटीच्या, पण वापरात येऊच न शकणाऱ्या हत्याराला आहे. किरकोळ सुट्या भागांनाही सूट आहे, मात्र ते पूरक भागांसह वापरायचे नसतील तर. म्हणजे साचा बंदुकीजवळ ठेवणे हे संग्रहालयाचे योग्य काम, आणि नेमके तेच सूट मिळण्याच्या आड येऊ शकते. उलट १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचा हाच साचा पुरावस्तू होऊ शकतो. एक खाते जपायला सांगते, दुसऱ्याला तो कारखाना वाटतो. भीतीपोटी साचे भंगारात जातात ते यामुळेच. गृह मंत्रालयाने एका ओळीचे लेखी स्पष्टीकरण दिले तरी हा प्रश्न सुटतो, आणि ते न देण्याला कोणतेही कारण नाही.

लखनौतच राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. धातुवस्तूंचे जतन हे तिचे काम असल्याने साच्यांसाठी छोटी कार्यपद्धती तिच्याकडे लेखी मागावी. कोकणात शेतीच्या राखणीसाठी घेतलेल्या ठासणीच्या बंदुका अजून परवान्यावर आहेत. त्या घरांतले साचेही बंदुकीबरोबरच नोंदले गेले पाहिजेत. संग्रहालयांनी आता आदेशाची वाट पाहू नये. या महिन्यात किरकोळ वस्तूंच्या पेट्या उघडाव्यात, ‘सांडस’ म्हणून नोंदलेली प्रत्येक वस्तू उघडून आत पोकळी आहे का ते पाहावे, ठसा घ्यावा आणि नळीचे व साच्याचे माप एकाच नोंदीत लिहावे.